या क्षेत्रात का यावंसं वाटलं?

सोशल वर्कच्या प्रवेशअर्जाच्या शेवटच्या पानावर हा प्रश्न असतो आणि त्याखाली आठ-दहा रिकाम्या ओळी असतात. हाताने भरलेल्या एका अर्जात त्यातली पहिली ओळ खोडलेली होती. निळ्या पेनाने दोनदा रेघ मारली होती, तरी कागद उजेडात तिरका धरला की अक्षरं लागत होती: ‘घरी भांडणं सुरू झाली की मी धाकट्या भावाला घेऊन शेजारच्या काकूंकडे’. वाक्य इथेच सोडून दिलेलं. खाली नव्याने सुरुवात: ‘समाजाने मला खूप काही दिलं आहे, ते ऋण मला फेडायचं आहे.’ पुढच्या सात ओळी एकही खाडाखोड नसलेल्या, वळणदार अक्षरातल्या. अर्ज रीतसर पुढे गेला. त्या ओळीबद्दल कुणी विचारलं नाही, आणि विचारायला नकोच होतं. तरी ती ओळ डोक्यातून जात नाही. काकूंनी दार उघडलं की नाही, ही उत्सुकता आहेच. पण त्याहून जास्त टोचतं ते हे, की पेन हातात असताना, वाक्य अर्ध्यावर असताना, ‘हे इथे चालणार नाही’ असं त्या मुलीला नेमकं कशामुळे वाटलं असेल?

मुलाखतीच्या खोलीबाहेर मुलं फाइल छातीशी धरून पुटपुटत उभी असतात. आत आली, खुर्चीच्या टोकावर बसली, की तीच तीन-चार वाक्यं येतात. लोकांना मदत करायला आवडतं. लहानपणापासूनच समाजसेवेची आवड आहे. गोरगरिबांसाठी काहीतरी करायचं आहे. दुपारपर्यंत पॅनेलवरची माणसं पेनाचं टोपण उघडझाप करायला लागलेली असतात. या वाक्यांत खोटं काही नसतं. इतक्या जणांनी वापरल्यामुळे ती गुळगुळीत झालेली असतात, इतकंच. आणि याचा दोष मुलांपेक्षा विचारणाऱ्यांकडे जास्त जातो. प्रश्न असा विचारला जातो की त्याला एकच शोभेसं उत्तर असावं: निर्मळ, निःस्वार्थ, घरच्या भानगडींपासून लांब. मुलगी परीक्षा देऊन देऊन तयार झालेली असते; कोणत्या उत्तराला गुण आहेत हे तिला वासाने कळतं.

गंमत अशी की ज्यांनी हा व्यवसाय उभा केला, त्यांच्यातल्या कितीजणांना हा शोभेसा निकष लागू पडला असता, शंकाच आहे.

जेन अ‍ॅडम्सचं उदाहरण घ्या. जन्म १८६० चा, घरी पैसा, वडील राज्याच्या सेनेटमध्ये. लहानपणी पाठीच्या कण्याला क्षय झाला, आई ती दोन वर्षांची असतानाच गेलेली. पुढे डॉक्टर व्हायला निघाली आणि तब्येतीपायी ते अर्धवट सुटलं. मग काही वर्षं युरोपात फिरणं, चित्रं बघणं, आणि आपल्या शिक्षणाचं करायचं काय हा भुंगा. लंडनच्या टॉयन्बी हॉलमध्ये, म्हणजे विद्यापीठातले तरुण गरीब वस्तीतच राहायला आले होते त्या घरात, तिला वाट दिसली आणि १८८९ साली एलन गेट्स स्टार या मैत्रिणीबरोबर तिने शिकागोत हल हाउस हे तसंच एक घर सुरू केलं. पुढे १९३१ साली तिला शांततेचं नोबेल मिळालं, हे सगळीकडे सांगितलं जातं. १८९२ साली तिने दिलेल्या एका व्याख्यानाबद्दल मात्र फारसं बोललं जात नाही. अशा घरांची गरज तिथे राहायला जाणाऱ्यांना स्वतःला का असते, हाच त्या व्याख्यानाचा विषय. शिकूनसवरून हाताला खरं काम नसलेली तरुण माणसं आतून वाळत जातात. वस्तीला त्यांची गरज असेल नसेल, त्यांना वस्तीची आहे, हा तिचा रोख होता. आजच्या मुलाखतीत एखादी मुलगी म्हणाली, ‘माझं आयुष्य रिकामं वाटतं म्हणून आले,’ तर तिला किती गुण मिळतील?

त्याच १८८९ साली मेरी रिचमंड बाल्टिमोरमधल्या एका धर्मादाय संस्थेत लागली. आईवडील लवकर गेलेले, आजीकडे वाढलेली, आधी कारकुनी आणि हिशेब लिहिण्याची कामं केलेली. ती आली ती सहायक खजिनदाराच्या जागेसाठी अर्ज करून. नोकरी हवी होती, मिळाली. हिशेबाच्या वह्यांतून वर मान काढून तिने भेटी देणाऱ्या स्वयंसेविकांकडे पाहिलं, आणि प्रत्येकजण आपापल्या मनाने चाललाय, पद्धत कुणालाच नाही, हे तिच्या ध्यानात आलं. १८९७ साली टोरोंटोच्या परिषदेत तिने प्रशिक्षणाच्या शाळेची मागणी केली, १८९८ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कला सहा आठवड्यांचा वर्ग निघाला, आणि १९१७ साली आलेल्या तिच्या पुस्तकाने केसवर्कला, म्हणजे एकेका माणसाबरोबर किंवा कुटुंबाबरोबर करायच्या कामाला, पहिल्यांदा एक शिस्त दिली. शिक्षणाची ही कल्पना भराभर पसरली: १८९९ अ‍ॅमस्टरडॅम, १९०८ बर्लिनला अ‍ॅलिस सालोमॉनची शाळा, १९३६ मुंबई. या सगळ्याच्या मुळाशी असलेल्या बाईंचा ‘उद्देश’ रकान्यात लिहायचा झाला तर ‘पगार’ असं लिहावं लागेल, आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

क्लेमंट अ‍ॅटली तर अपघाताने आला. चांगल्या घरचा, वकिली शिकलेला. १९०५ साली भावाबरोबर लंडनच्या ईस्ट एंडमध्ये आपल्या जुन्या शाळेने चालवलेला कामगार मुलांचा क्लब बघायला गेला आणि तिथेच अडकला. पुढे तो क्लब त्याने चालवला, सोशल वर्कवर व्याख्यानं दिली, १९२० साली या व्यवसायावर पुस्तक लिहिलं. १९४५ साली हाच माणूस ब्रिटनचा पंतप्रधान झाला. आणि बेर्था पापेनहाइम! मनोविश्लेषणाच्या इतिहासात ‘अ‍ॅना ओ.’ या नावाने अजरामर झालेली रुग्ण ती हीच. तिच्या आजाराची हकिगत १८९५ साली छापून आली. त्यानंतर याच बाईने १९०४ साली जर्मनीतल्या ज्यू स्त्रियांची संघटना उभी केली, १९०७ साली निराधार मुली आणि अविवाहित मातांसाठी घर काढलं, मुलींच्या विक्रीविरुद्ध देशोदेशी फिरली. ती १९३६ साली गेली. ‘अ‍ॅना ओ.’ म्हणजे तीच, हे जाहीरपणे छापून आलं १९५३ साली. म्हणजे खोडलेली ओळ तिच्याकडेही होती. ती तिने आयुष्यभर खोडलेलीच ठेवली, आणि काम केलं.

या चौघांत रिकामपण आहे, पोट आहे, योगायोग आहे, जखम आहे. सेवाभाव चौघांतही असणारच. पण तो एकटा कुणाकडेच नाही.

जखमेच्या बाबतीत आकड्यांचाही थोडा आधार आहे. १९९३ साली अमेरिकेत सोशल वर्क आणि बिझनेसच्या विद्यार्थ्यांच्या बालपणाची तुलना करणारा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लहानपणी घरात सोसलेल्या आघातांचं प्रमाण सोशल वर्कच्या मुलांत जास्त निघालं. असे निष्कर्ष जपून वाचावेत. ज्या वर्गात घरचं बोलायला शिकवतात तिथली मुलं प्रश्नावलीतही घरचं लिहितात. बिझनेसचा मुलगा तीच गोष्ट ‘असं सगळ्यांकडेच असतं’ म्हणून सोडून देतो. तरीही, वर्गात बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी हे काम आठव्या-नवव्या वर्षीच सुरू केलेलं असतं, हे शिकवणाऱ्या कुणालाही माहीत असतं. वडील दारात आले की पावलांच्या आवाजावरून आजचा दिवस कसा जाणार हे ओळखणं, आईला बोलतं ठेवणं, धाकट्याला बाहेर नेणं. जोखीम हेरणं, संकट हाताळणं, सुरक्षित जागी हलवणं: अभ्यासक्रमात यांची प्रकरणंच्या प्रकरणं आहेत, आणि ही मुलं ती आधीच पाठ करून आलेली असतात. फक्त ती त्यांनी भीतीपोटी शिकलेली असतात, आणि त्यामुळे ती कुठे थांबवायची हे त्यांना कुणी शिकवलेलं नसतं.

हे कळतं फिल्डवर्कमध्ये, म्हणजे अभ्यासक्रमाचा भाग म्हणून प्रत्यक्ष करायच्या कामात. वर्गात सगळे सारखेच दिसतात. प्लेसमेंटला, म्हणजे नेमून दिलेल्या एजन्सीत, संस्थेत, कामाला गेल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात कोण कशासाठी आलंय ते दिसायला लागतं, आणि ते बोलण्यात कमी, वागण्यात जास्त दिसतं. मदत करायला आवडतं म्हणून आलेला मुलगा पहिल्यांदा काय करतो? स्वतःचा मोबाइल नंबर देतो. मग रात्री फोन येतात. मग एकदा खिशातले पैसे देतो, मग ‘तुमचं काम मी नक्की करून देईन’ असा शब्द देतो, जो पाळणं एजन्सीच्याही हातात नसतं. महिन्याभराने ज्या बाईसाठी त्याने निवारागृहात जागा मिळवायला चार ठिकाणी खेटे घातले, ती बाई नवऱ्याकडे परत जाते. त्या दिवशी त्याच्या रेकॉर्डिंगमध्ये, म्हणजे भेटीच्या लेखी नोंदीत, एक शब्द येतोच: ‘कृतघ्न’. खरं तर मारहाणीच्या घरातून माणूस कायमचं बाहेर पडण्याआधी अनेकदा आत-बाहेर करतो, आणि बाहेर पडण्याच्या आसपासचा काळ सर्वांत धोक्याचा असतो. म्हणून ती परत गेली तरी तिच्यासाठी दार उघडं ठेवणं, तिच्याबरोबर सुरक्षिततेचा बेत आखून ठेवणं हेच काम असतं. कागदपत्रं कुठे ठेवायची, कोणत्या शेजाऱ्याला काय खूण करायची, हाताशी कोणते नंबर हवेत. हे सगळं त्याने परीक्षेत बिनचूक लिहिलेलं असतं. पण तिच्या परत जाण्याने त्याला स्वतःला नाकारल्यासारखं झालेलं असतं, आणि त्या अवस्थेत पाठ केलेलं काही आठवत नाही.

जखम घेऊन आलेल्यांची लक्षणं वेगळी, आणि ती रेकॉर्डिंगच्या जाडीवरून ओळखता येतात. पाच केसेसपैकी चार केसेसवर अर्धं-अर्धं पान आणि एकीवर सहा पानं. किंवा उलट: सगळ्यांना सगळं विचारलंय, फक्त दारूचा प्रश्न एकाही मुलाखतीत नाही. काही मुली समोरच्या बाईचं वाक्य स्वतःच पुरं करतात, ‘हो ना, आणि मग ते रागावून निघून गेले असतील’, आणि बाई मान डोलावते, कारण समोर शिकलेली मुलगी आहे. झालेलं वेगळंच असतं. याची आणखी एक बाजू आहे, तिच्याबद्दल कमी बोललं जातं: कोरडेपणा. ‘मी यातून बाहेर पडले. हिला का जमत नाही?’ ज्याने स्वतः चढ चढलेला असतो तो वाटेत बसलेल्याला बघून सर्वांत जास्त चिडतो. सहानुभूतीचा अतिरेक सुपरवायझरच्या लगेच लक्षात येतो; हा कोरडेपणा ‘व्यावसायिक अंतर’ म्हणून खपून जातो, आणि कधीकधी त्याला शाबासकीही मिळते.

घरात लहानपणापासून कर्ती असलेली मुलगी तर सगळ्यांची आवडती असते. एजन्सी खूश, कॉलेज खूश. आयसीत, म्हणजे सुपरवायझरबरोबरच्या आठवड्याच्या एकास-एक बैठकीत, तिचं उत्तर ठरलेलं: ‘सगळं व्यवस्थित चाललंय.’ वर्षभरात ‘मला हे जमत नाहीये’ हे वाक्य तिच्या तोंडून एकदाही आलं नाही, तर ते कौतुकाचं लक्षण नाही. अशी मुलं दुसऱ्या सत्राच्या मध्यावर एकदम आजारी पडतात, गैरहजर राहायला लागतात, आणि सगळे म्हणतात, ‘हिच्याकडून ही अपेक्षा नव्हती.’ चळवळीतून आलेल्यांची अडचण निराळी. त्यांना व्यवस्था लख्ख दिसते. पण पेन्शनचा अर्ज भरायला बसलेल्या म्हाताऱ्याला शोषणाचं विश्लेषण ऐकवण्याआधी त्याच्या दोन कागदपत्रांवर जन्मतारीख वेगवेगळी आहे, हे बघावं लागतं. न बघितलं तर अर्ज परत येतो आणि तो म्हातारा पुन्हा रांगेत. श्रद्धेतून आलेल्यांना अविवाहित गरोदर मुलीसमोर चेहरा कोरा ठेवायला वेळ लागतो, पण माणसाजवळ गप्प बसून राहण्याचा जो दम त्यांच्यात असतो तो इतरांना शिकवावा लागतो.

आणि दुसरीकडे कुठे नंबर लागला नाही म्हणून आलेले. यांच्याबद्दल नाक मुरडण्याची पद्धत आहे, आणि ती मला मान्य नाही. हे वेळेवर येतात. वेळ संपली की निघतात. रेकॉर्डिंग त्याच दिवशी लिहून टाकतात, कारण साठवलं की कंटाळा येतो. कुणाचा उद्धार करायचा नसल्यामुळे समोरचा काय म्हणतोय ते ऐकायला त्यांच्याकडे जागा असते. त्यांच्यातले काही खरोखरच कोरडे राहतात, परीक्षा देतात आणि दुसऱ्या वाटेला लागतात. पण काहींना एखाद्या केसमध्ये अचानक रस वाटू लागतो, आणि तो रस फार टिकाऊ असतो, कारण त्यात आपल्या चांगुलपणाचा हिशेब मिसळलेला नसतो.

हे सगळं धुंडाळायचं साधन म्हणजे प्रोसेस रेकॉर्डिंग, आणि मुलांना सर्वांत नकोसं वाटणारं कामही तेच. पद्धत सोपी आहे. भेट झाली त्याच दिवशी, आठवणीतून, शक्य तितक्या त्याच शब्दांत संभाषण लिहायचं. पानाचे तीन रकाने: डावीकडे कोण काय बोललं, मध्ये त्या क्षणी माझ्या मनात काय आलं, उजवी बाजू सुपरवायझरसाठी कोरी. तास-दीड तासाच्या भेटीतली दहा-पंधरा मिनिटं अशी लिहिली तरी पुरे. बिघडतं ते दोन ठिकाणी. एक, तीन दिवसांनी लिहिलं की संभाषणाचा सारांश होतो: ‘घरभेट दिली, समुपदेशन केलं, चांगला प्रतिसाद मिळाला.’ यातून कुणाला काहीही शिकता येत नाही. दोन, मधला रकाना. तिथे मुलं ‘मला वाईट वाटलं’ इतकंच लिहितात, पानामागून पान, कारण चिडले, कंटाळले, घड्याळ बघितलं, किळस आली असं लिहिलं तर गुण जातील अशी भीती असते. आणि बऱ्याच ठिकाणी जातातही. म्हणून जिथे रेकॉर्डिंगला गुण आहेत तिथे ते मधल्या रकान्यातल्या भावनांना नसावेत. वेळेवर आणि पूर्ण लिहिल्याबद्दल असावेत.

वृद्धाश्रमातल्या प्लेसमेंटमधली नोंद साधारण अशी असते. डावीकडे: ‘आजी: मुलगा दोन महिने आला नाही. मी: येतील हो, कामात असतील. आजी: हं. मी: औषध घेतलंत का आज?’ मधल्या रकान्यात: ‘आजींना बरं वाटावं म्हणून विषय बदलला.’ उजवीकडे पेन्सिलीने तीनच शब्द: ‘बरं कुणाला वाटलं?’ चांगला सुपरवायझर इथे थांबतो. आयसीत भावनांवर प्रवचन देत नाही. त्या ‘हं’नंतर किती वेळ शांतता होती, तेव्हा तू कुठे बघत होतीस, आजी कुठे बघत होत्या, एवढंच विचारतो. पुढच्या आठवड्यात मुलगी पुन्हा जाते, तेच संभाषण पुन्हा होतं, आणि ‘हं’नंतर या वेळी ती औषधाची बाटली उचलत नाही. आजी पलंगाच्या कडेची पट्टी नखाने खरवडत राहतात. मग म्हणतात, ‘तो नाही यायचा. घरातून मीच काढलं होतं त्याला.’ मधल्या रकान्यात मुलीने लिहिलेलं असतं: ‘पळून जावंसं वाटलं. आजींची बाजू घ्यावीशी वाटेना. मुलाचीच वाटली.’ हे वाक्य लिहिता येणं म्हणजे वर्षभराच्या फिल्डवर्कची कमाई. या मुलीला स्वतःच्या घरी कुणी काढलं होतं का, हे सुपरवायझरला ठाऊक असण्याची गरज नाही. आजींच्या समोर बसताना ते तिला स्वतःला ठाऊक असलं म्हणजे झालं.

फेलिक्स बीस्टेक या पाद्र्याने १९५७ साली केसवर्कच्या नात्याची सात तत्त्वं मांडली, ती आजही पाठ करून घेतात. त्यातलं एक आहे नियंत्रित भावनिक सहभाग. मुलं त्यातलं ‘नियंत्रित’ तेवढं ऐकतात. सहभाग असावा, हेही तत्त्वाचाच भाग आहे, आणि तो कुठून येणार? आपल्याच आयुष्यातून. म्हणून ‘स्वतःचं सगळं दाराबाहेर ठेवून या’ हा सल्ला मला नेहमीच अर्धवट वाटतो. पण ‘तुमच्या वेदनेतूनच तुमची ताकद येते’ ही दुसऱ्या टोकाची भाषाही तितकीच संशयास्पद. ती ऐकायला छान वाटते आणि एकदा का पॅनेलवर ती रुजली, की मुलाखतीत दुःखाला गुण मिळायला लागतात. एका वर्षी मिळाले की पुढच्या वर्षी बाहेरच्या बाकांवर मुलं आपापली दुःखं घोकताना दिसतात. समोर मुलगी रडू लागली तर पाणी द्यावं, थांबावं, हवं तर विषय बदलायची मुभा द्यावी. गुण कापू नयेत आणि वाढवूही नयेत. खोदून विचारण्याचा तर अधिकारच नाही. वीस मिनिटांच्या ओळखीवर कुणाच्या घरात शिरायचं नसतं, हे आपण पुढे तिलाच शिकवणार असतो.

मग विचारायचं काय? ‘का’ ऐवजी असे प्रश्न, ज्यांना पाठ केलेलं उत्तर नसतं. तुम्ही सांगितलेलं एखाद्याने ऐकलं नाही, तेव्हा तुम्ही काय केलंत? कुणाला मदत करायला नकार दिलाय का, आणि नंतर कसं वाटलं? तुम्ही स्वतः शेवटची मदत कुणाकडे मागितली? या तिसऱ्या प्रश्नावर खोलीत जी शांतता पसरते तिच्यातून बरंच कळतं. स्वतःबद्दल सांगायचंच असेल तर उमेदवाराने घटना दोन वाक्यांत सांगावी आणि उरलेला वेळ त्या अनुभवाचं पुढे काय केलं यावर द्यावा: कुणाशी बोलले, काय वाचलं, अजून कुठे अडखळायला होतं. प्रवेशानंतर, प्लेसमेंटच्या याद्या लागण्याआधी, एक छोटा कागद प्रत्येकाकडून भरून घ्यावा: ‘पहिल्या वर्षी कोणत्या प्रकारच्या एजन्सीत जायला नको? कारण लिहू नका.’ व्यसनी वडिलांच्या घरातून आलेल्या मुलाला पहिल्याच सत्रात व्यसनमुक्ती केंद्रात घालणं हा धीटपणा शिकवण्याचा मार्ग नव्हे. दुसऱ्या वर्षी तो स्वतः मागून गेला तर गोष्ट वेगळी. १९३५ पासून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचा, दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटांचा, सगळा डोलारा, स्वतः त्यातून गेलेला माणूसच दुसऱ्याला समजू शकतो, या विश्वासावर उभा आहे आणि तो पोकळ म्हणता येत नाही. तिथे जखम हीच पात्रता. पण तिथेसुद्धा नवा आलेला पहिल्या दिवशी दुसऱ्याचा आधार बनत नाही. आधी तो आधार घेतो.

आणि ‘का आलात’ हा प्रश्न पुन्हा विचारायचा, पहिल्या प्लेसमेंटनंतर, बिनगुणांचा. तेव्हा उत्तरं लहान येतात. कुणी लिहितं, आता माहीत नाही. कुणी लिहितं, आईला खूश करायला आले होते. एखादा लिहितो, आलो चुकून, पण राहणार.

एवढं सगळं बोलूनही एक गोष्ट या चर्चेतून कायम निसटते. प्रेरणांचे अभ्यास होतात ते वर्गात बसलेल्या मुलांचे. वर्गापर्यंत कोण पोचलं, हे प्रेरणेवर जितकं ठरतं त्याहून जास्त फिल्डवर्कच्या तासांवर ठरतं. अमेरिकेत एमएसडब्ल्यूला, म्हणजे सोशल वर्कच्या पदव्युत्तर पदवीला, किमान ९०० तास लागतात, बीएसडब्ल्यू या पदवीला ४००. ऑस्ट्रेलियात नियम १००० तासांचा. इंग्लंडमध्ये २०० दिवस, त्यातले फार तर ३० कौशल्यवर्गांचे. हे काम बहुतेक ठिकाणी बिनपगारी आणि दिवसाच्या वेळचं, म्हणजे नेमकं त्या वेळचं, जेव्हा गरज असलेला विद्यार्थी दुसरीकडे नोकरी करून घर चालवत असतो. वस्ती, व्यसन, कर्ज, सरकारी खिडकी हे ज्याला आतून ठाऊक, तोच या तासांपुढे आधी हार मानतो. ऑस्ट्रेलियात या अवस्थेला ‘प्लेसमेंटची गरिबी’ असं नावच पडलं, आणि १ जुलै २०२५ पासून तिथल्या सरकारने सोशल वर्क, नर्सिंग, सुईणकाम आणि शिक्षकी पेशाच्या विद्यार्थ्यांना सक्तीच्या प्लेसमेंटच्या काळात आठवड्याची रक्कम द्यायला सुरुवात केली. तीही सरसकट नाही, उत्पन्नाची आणि गरजेची अट घालून. तरी सुरुवात झाली.

जिथे असं काही नाही तिथेही कॉलेजला करण्यासारखं बरंच असतं. एक प्लेसमेंट विद्यार्थी नोकरी करतो त्याच संस्थेत, वेगळ्या विभागात आणि वेगळ्या सुपरवायझरखाली करू देता येते. निवारागृहं, हेल्पलाइन, रुग्णालयं अशा संध्याकाळी चालणाऱ्या जागा राखून ठेवता येतात. आणि माहितीपत्रकात, फोटो आणि घोषवाक्याच्या आधी, तीन ओळी छापता येतात: आठवड्याला किती तास, कोणत्या वारी, प्रवासाचा खर्च कोण देणार. आज हे बहुतेक वेळा प्रवेशानंतरच्या पहिल्या आठवड्यात कळतं. फी भरलेली असते, आणि मग दोन-तीन जण ऑफिसच्या खिडकीशी येऊन दाखला परत मागतात. त्यांना कारण विचारलं जातं, ‘वैयक्तिक’ असं लिहून घेतलं जातं, आणि वर्गाच्या यादीतून त्यांची नावं निघतात.